तरवडाचे रोप: नाशिकच्या अंगणासाठी विकत घ्यावे का?

नाशिक शहराच्या उत्तरेला, वस्ती विरळ होत जाते त्या भागात, देशी झाडाझुडपांची रोपे तयार करणारी एक लहान रोपवाटिका आहे. आमच्या सोसायटीच्या कुंपणासाठी आणि सिन्नरकडील शेताच्या बांधासाठी मी तेथून तरवडाची रोपे घेतली, आणि त्यांच्याबरोबर तरवडाच्या बियाण्याची पाकिटेही घेतली. ती झुडपे आता माणसाच्या छातीपर्यंत वाढली असून गेल्या नवरात्रात भरभरून फुलली होती, त्यामुळे रोपाच्या गुणवत्तेविषयी काही खात्रीने लिहिता येईल असे वाटते. हा अभिप्राय प्रामुख्याने त्या रोपाविषयी आणि ते ज्या रीतीने विकले जाते त्याविषयी आहे. निष्कर्ष आधीच सांगते: नाशिक आणि त्याच्या पूर्वेकडील तालुक्यांसाठी तरवडाइतके योग्य फुलझुडूप शोधून सापडणे कठीण आहे, या रोपवाटिकेतील रोपे खरोखर तरवडाचीच आहेत, आणि तरीही शक्य असेल त्याने रोपाऐवजी बियाणे न्यावे.

रोपे खरोखर तरवडाचीच आहेत, हे मुद्दाम नोंदवावे लागते. पिवळ्या फुलांची आणि संयुक्त पानांची कितीतरी झुडपे बाजारात तरवड म्हणून खपवली जातात. शहरातील मोठ्या, शोभेच्या झाडांच्या नर्सरीत तरवड मागितला की बहुतेक वेळा त्याच कुळातील, परंतु बागेसाठी बाहेरून आलेले मोठ्या पानांचे झुडूप पुढे केले जाते. एका ठिकाणी तर मला घंटीफूल, म्हणजे टेकोमा, दाखवण्यात आले. ते मूळचे अमेरिका खंडातील असून तरवडाच्या कुळातीलही नाही. रोप लहान असताना फुलावरून ओळख पटवणे शक्य नसते, म्हणून पानाकडे पाहावे. तरवडाच्या पानाचा देठ जेथे फांदीला जोडलेला असतो तेथे दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखी रुंद, हिरवी उपपर्णे असतात आणि ती गळून न पडता टिकून राहतात. लिनिअसने १७५३ मध्ये या वनस्पतीला जे नाव दिले त्यातील ‘ऑरिक्युलाटा’ हे विशेषण याच उपपर्णांवरून आले आहे. दुसरी खूण मधल्या दांड्यावर असते: पर्णिकांच्या साधारण आठ ते बारा जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीच्या मध्ये दांड्यावर एक बारीक, उभी ग्रंथी दिसते. शोभेच्या झुडपात अशा ग्रंथी फक्त खालच्या काही जोड्यांपुरत्या असतात. या दोन खुणा एकदा पाहून घेतल्या की फसगत होत नाही. या रोपवाटिकेत मी तरवडाच्या वाफ्यातील पिशव्या एकेक उचलून पाहिल्या आणि प्रत्येक रोपावर दोन्ही खुणा स्पष्ट होत्या. देशी म्हणवणाऱ्या सर्वच ठिकाणी इतकी शुद्धता आढळत नाही.

पाटीवर ‘कॅसिया ऑरिक्युलाटा’ असे शास्त्रीय नाव लिहिलेले आहे. ते जुने नाव आहे. अर्विन आणि बार्नेबी या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये कॅसिया या मोठ्या प्रजातीची नव्याने मांडणी केली, तेव्हापासून तरवड, टाकळा, कासविंदा आणि सोनामुखी हे सर्व ‘सेन्ना’ या प्रजातीत गणले जातात आणि बहावा मात्र कॅसियातच राहिला. जुने नाव लिहिल्याने ग्राहकाचे काही नुकसान होत नाही; नवीन नाव शोधत आलेल्याने गोंधळू नये एवढ्यासाठीच ही नोंद.

पाटीवरची दुसरी ओळ मात्र दुरुस्त व्हायला हवी. ‘शेंगवर्गीय झुडूप, हवेतील नत्र जमिनीत स्थिर करते’ असे तेथे लिहिले आहे, आणि शेतकरी ग्राहक नेमकी हीच ओळ वाचून बांधावर लावण्यासाठी रोपे नेताना मी पाहिले. तरवड शेंगवर्गीय आहे यात शंका नाही, परंतु शेंगवर्गातील प्रत्येक वनस्पतीच्या मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्या गाठी असतात हा समज चुकीचा आहे. तूर, हरभरा, ताग, शेवरी यांच्या मुळांवर त्या असतात. बहावा, टाकळा आणि तरवड यांच्या मुळांवर त्या आढळत नाहीत. सेन्ना प्रजातीचे हे सर्वसाधारण लक्षण आहे. तरवडाचा पाला जमिनीत कुजवला तर त्याचे खत होते, आणि दक्षिणेत भाताच्या शेतात तो हिरवळीचे खत म्हणून वापरण्याची पद्धत जुनी आहे. पण तेथे पाल्यातील अन्नद्रव्ये जमिनीला परत मिळतात, हवेतून नवा नत्र येत नाही. ज्या शेतकऱ्याला नत्रासाठी बांधावर काही लावायचे आहे त्याने शेवरी लावावी. तरवडाची थोरवी वेगळ्या गोष्टींत आहे आणि त्या गोष्टी पाटीवर लिहायला भरपूर आहेत. मी हे रोपवाटिकेच्या चालकांना सांगितले, त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, मात्र पुढच्या भेटीत पाटी तशीच होती.

रोपे कोणत्या बियांपासून तयार केली आहेत, हा प्रश्न फार थोडे ग्राहक विचारतात. खरे तर तो पहिला प्रश्न असायला हवा. नाशिक जिल्हा पावसाच्या दृष्टीने एकसंध नाही. पश्चिमेला इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वर येथे सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस अक्षरशः कोसळतो, आणि तेथून पूर्वेकडे सरकत सिन्नर, येवला, नांदगाव या तालुक्यांत पोहोचेपर्यंत तोच पाऊस इतका आटतो की अनेक गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तरवड हे या पर्जन्यछायेच्या प्रदेशाचे झुडूप आहे. दख्खनच्या मुरमाड माळांवर, उथळ मातीच्या उतारांवर, रस्त्याच्या कडेच्या पडीत तो आपण होऊन उगवतो. नाशिकहून पुण्याच्या दिशेने निघाले की सिन्नरच्या अलीकडे मोहदरी घाटाच्या परिसरात आणि पुढे सिन्नरच्या माळांवर तो सहज नजरेला पडतो. या रोपवाटिकेतील बियाणे त्याच भागातील झुडपांवरून गोळा केलेले असते, असे चालकांनी सांगितले, आणि कोणत्या गावच्या शिवारातून कोणत्या महिन्यात शेंगा काढल्या याची वहीही दाखवली. ही वही मला या जागेची सर्वांत मोलाची गोष्ट वाटली. बाहेरच्या राज्यातून घाऊक भावाने आलेले बियाणेही उगवेल, फुलेलही, परंतु या मातीत आणि या पावसात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या झुडपांचे बी लावण्यातला भरवसा त्यात नाही.

आता रोपाच्या पिशवीविषयी. माझी मुख्य तक्रार येथे आहे. तरवडाचे बी रुजले की पहिल्याच पावसाळ्यात ते सोटमूळ सरळ खाली सोडते. वर वीतभर रोप दिसत असताना खाली मूळ त्याच्या कितीतरी पुढे गेलेले असते. कोरड्या माळावर जगण्याची त्याची सारी मदार या मुळावर असते. रोपवाटिकेतील पिशव्या नेहमीच्या, उथळ, काळ्या पॉलिथिनच्या आहेत आणि अनेक रोपे त्यांत वर्षभर राहिलेली होती. पिशवी कापून पाहिली तर सोटमूळ तळाशी पोहोचून वळलेले आणि स्वतःभोवतीच वेटोळे घातलेले दिसले. असे रोप जमिनीत लावल्यावर मरत नाही, पाणी देत राहिले तर वाढतेही. पण वळलेले मूळ नंतर सरळ खाली जात नाही, त्यामुळे झुडूप वरच्या थरातील ओलाव्यावर अवलंबून राहते आणि चैत्र-वैशाखात माना टाकते. सोसायटीच्या कुंपणालगत लावलेल्या रोपांपैकी जी जुन्या पिशव्यांतील होती ती आजही लहान राहिली आहेत, आणि त्याच रांगेत थेट बी पेरून आलेली झुडपे त्यांना मागे टाकून गेली आहेत. माती तीच, ऊनही तेच. लांब, अरुंद नळीसारख्या पिशव्या किंवा तळ उघडा असलेले उभे साचे वापरले तर हा दोष बराच कमी होईल. वनविभागाच्या अनेक रोपवाटिकांत अशी साधने असतात, ती दुर्मिळ नाहीत. तोपर्यंत ग्राहकाने याच वर्षी पेरलेले, वीतभराहून लहान असलेले रोप मागून घ्यावे. दिसायला ते किरकोळ असते, म्हणून सहसा कोणी उचलत नाही, आणि मोठ्या रोपाहून तेच चांगले निघते.

बियाण्याच्या पाकिटाबद्दल मात्र मनापासून प्रशंसा करावीशी वाटते. बी टपोरे आणि कीड नसलेले होते, आणि पाकिटावर साध्या मराठीत पेरणीची रीत छापलेली होती. तरवडाच्या बीचे टरफल कठीण असते, पाणी आत शिरू देत नाही. निसर्गात ते ऊन-पावसाने हळूहळू झिजते आणि बी दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने उगवते. घरी पेरताना कडकडीत तापवलेले पाणी भांडे खाली उतरवून बियांवर ओतावे आणि रात्रभर तसेच निवू द्यावे. सकाळी जे बी फुगलेले दिसेल ते पेरायला घ्यावे, न फुगलेल्यावर पुन्हा तीच क्रिया करावी. मृगाचा एखादा चांगला पाऊस झाल्यावर, जेथे झुडूप कायमचे हवे तेथेच, पेराभर खोल दोन-तीन बिया टोकाव्यात आणि नंतर त्यांतील जोमदार रोप ठेवावे. आळे करून पाणी साठवण्याची गरज नाही. उलट, गंगापूर रोडच्या बाजूला किंवा गोदाकाठच्या जुन्या मळ्यांच्या जमिनीवर जेथे काळी, चिकण माती आहे, तेथे मुरूम मिसळून जरा उंचवटा करावा लागतो, कारण पाणी तुंबलेले तरवडाला सोसत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या कोपऱ्यातील रोपे पिवळी पडून गेली, आणि त्याचा दोष रोपवाटिकेला देता येणार नाही.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एखाद्या वेळी पाणी द्यावे. दुसऱ्या वर्षापासून तेही लागत नाही. खत घातले नाही तरी चालते, आणि जास्त शेणखत घातले तर फांद्या सैल, लांबट होऊन फुले कमी येतात. पावसाळा संपत आल्यावर फांद्यांच्या टोकांशी फुलांचे घोस येऊ लागतात. फूल सुमारे दोन इंच रुंद, गर्द पिवळे, पाकळ्यांच्या कडा चुण्या पडल्यासारख्या, आणि त्यांवर नारिंगी शिरांची नाजूक जाळी. भाद्रपद-अश्विनात बहर सर्वांत मोठा असतो, पण हिवाळ्यातही फुले तुरळक येत राहतात. घटस्थापनेपासून रोज वाढत जाणाऱ्या घटावरच्या माळेसाठी कारळ्याच्या फुलांबरोबर तरवडाची फुले वापरण्याची आपल्याकडची रीत या बहराशीच जुळलेली आहे. शहरात आता ही माळ बहुधा झेंडूचीच होते, कारण तरवड मंडईत मिळत नाही. आमच्या इमारतीतील आजींनी गेल्या वर्षी कुंपणावरची फुले तोडून नऊ दिवस माळ केली, आणि नंतर इतर घरांतूनही मागणी झाली. कुंपणाला फुलझुडूप लावण्याचे इतके चांगले कारण मला दुसरे सुचत नाही.

या फुलांवर येणारे भुंगे हा निरीक्षणाचा एक स्वतंत्र विषय आहे. तरवडाच्या फुलात मध नसतो, फक्त पराग असतो, आणि तोही उघडा पडलेला नसतो. दहा पुंकेसरांपैकी वरचे तीन वांझ असतात. उरलेल्यांचे परागकोश उभे फाटत नाहीत, त्यांच्या टोकाशी बारीक छिद्र असते. काळा, जाडजूड लाकूड पोखरणारा भुंगा फुलाला पायांनी घट्ट धरतो आणि पंख न हलवता पंखांचे स्नायू इतक्या वेगाने थरथरवतो की त्या कंपनाने पराग छिद्रातून उडून त्याच्या अंगावर पडतो. जवळ उभे राहिले तर त्या वेळी त्याच्या गुणगुणण्याचा स्वर एकदम चढलेला ऐकू येतो. आपल्या मधमाश्यांना हे कंपन साधत नाही, म्हणून मधपेट्या ठेवणाऱ्याने तरवडाकडून मधाची अपेक्षा धरू नये. ज्याला शेंगा आणि बी हवे आहे त्याने बागेत कोठेतरी वाळलेल्या लाकडाचे ओंडके किंवा जुने बांबू राहू द्यावेत, कारण हे भुंगे त्यांतच घर करतात. पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर फवारणी करू नये, हेही आवर्जून सांगायला हवे. ‘एमिग्रंट’ गटातील फिकट हिरवट-पांढरी फुलपाखरे आणि लहान पिवळी ‘ग्रास यलो’ फुलपाखरे तरवडावर अंडी घालतात. अळ्या काही पाने खातात, झुडूप महिन्याभरात पुन्हा भरते. रोपवाटिकेतील एका कामगाराने मला याच अळ्यांसाठी औषधाची बाटली देऊ केली होती. देशी झाडांच्या रोपवाटिकेत तरी असे व्हायला नको.

बांधावर लावणाऱ्यांना सर्वांत उपयोगी पडणारा गुण म्हणजे शेळ्या आणि गुरे तरवडाला सहसा तोंड लावत नाहीत. अतिचराईने बाकी सारे हिरवे संपलेल्या माळावर तरवड आणि रुई एवढेच उभे दिसतात, याचे कारण हेच आहे. काटे नसूनही हे झुडूप चराईत टिकते, त्यामुळे रोपांभोवती काटेरी कुंपण घालण्याचा खर्च वाचतो. सिन्नरच्या बांधावर गावातील शेळ्यांचे कळप रोज जातात, आणि तेथील तरवडाचे एकही रोप त्यांनी खाल्लेले नाही. दाट कुंपण हवे असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीला फूटभर उंचीवर छाटावे. बुडापासून अनेक धुमारे फुटतात आणि झुडूप रुंद होते.

छाटल्यावर जोमाने फुटण्याच्या याच गुणामुळे तरवडाची साल शतकानुशतके काढली जात होती. सालीत टॅनिनचे प्रमाण वजनाच्या १५ ते २० टक्क्यांच्या आसपास असते आणि दक्षिण भारतातील कातडी कमावण्याचा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर तिच्यावर चालत असे. पुढे दक्षिण आफ्रिकेतून येणाऱ्या वॉटल झाडाच्या सालीने आणि त्यानंतर क्रोमच्या प्रक्रियेने तिची जागा घेतली. रोपवाटिकेच्या माहितीपत्रकात या इतिहासाचा एक शब्दही नाही. तेलंगणाने तरवडाला, तेथील भाषेत तंगेडूला, राज्यफुलाचा मान दिला असून बतुकम्माच्या उत्सवात स्त्रिया त्याच फुलांचे थर रचतात, याचाही उल्लेख नाही. माहितीपत्रकाचा बराचसा भाग औषधी गुणांनी भरलेला आहे, आणि त्याविषयी स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते.

गल्ल्यावर तरवडाच्या वाळलेल्या फुलांची पुडी विकायला ठेवलेली असते आणि तिच्यावर ‘मधुमेह मुळापासून बरा करते’ असा मजकूर आहे. आयुर्वेदात आवर्तकी या नावाने तरवडाचा प्रमेहावर उपयोग सांगितला आहे, तमिळनाडूतील सिद्ध वैद्यकात आवारै कुडिनीर नावाचा काढा प्रसिद्ध आहे, आणि श्रीलंकेत रणवरा या नावाने याच्या फुलांचा चहा घरोघरी पितात. प्राण्यांवरील प्रयोगांत साखर कमी होण्याचे परिणामही दिसले आहेत. यांतून ‘मुळापासून बरा करते’ हे विधान कोणत्याही अर्थाने निघत नाही. इन्सुलिन किंवा गोळ्या सुरू असलेल्या माणसाने हे वाचून औषध बंद केले तर त्याच्या जिवावर बेतू शकते, आणि औषध चालू ठेवून हा काढा घेतला तर साखर अचानक खाली जाण्याचा धोका आहे. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नये. एरवी फुलांचा चहा करून पाहिला, तो सौम्य आणि किंचित तुरट लागतो, वास जवळजवळ नसतो. आवडण्यासारखा आहे. पुडीवरचा मजकूर मात्र ताबडतोब काढायला हवा.

औषधाच्या ओढीने रानातून स्वतः बी किंवा पाला गोळा करणाऱ्यांना आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. तरवडाच्या जवळच्या नात्यातील कासविंदा नाशिकमध्ये रिकाम्या प्लॉटवर सर्वत्र उगवतो. त्याच्या बिया विषारी असून पश्चिम उत्तर प्रदेशात त्या खाल्ल्याने लहान मुले दगावल्याचे डॉक्टरांनी दाखवून दिले आहे. कासविंद्याच्या पानात पर्णिकांच्या तीन ते पाच मोठ्या, टोकदार जोड्या असतात, पाने चुरगळल्यास उग्र दर्प येतो आणि शेंग अरुंद, किंचित वाकलेली असते. तरवडाची शेंग चपटी, कागदासारखी पातळ आणि फिकट तपकिरी असते. रोपवाटिकेने दोन्ही झुडपे शेजारी लावून हा फरक दाखवला, तर शाळेच्या सहलींनाही त्याचा उपयोग होईल.

सेवेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. कामगार नम्र आहेत, घाई करत नाहीत, रोपे गाडीपर्यंत आणून देतात. रोपाचा दर शोभेच्या झाडांच्या तुलनेत कमी आहे आणि बियाणे तर नाममात्र किमतीत मिळते. बिल मागितले तर मिळते. गाडी लावायला जागा अपुरी आहे आणि पावसाळ्यात आतला रस्ता चिखलाचा होतो.

एका गोष्टीला मात्र माझा ठाम विरोध आहे. पुरुषभर उंचीचे, बुडाशी मनगटाएवढे जाड झालेले तरवड येथे मोठ्या गोणींत ठेवलेले दिसले, आणि विचारल्यावर ते माळावरून उपटून आणलेले असल्याचे कळले. बंगल्यांच्या बागांसाठी आणि हॉटेलांच्या प्रवेशद्वारांसाठी त्यांना मागणी आहे. इतक्या मोठ्या झुडपाचे सोटमूळ तोडल्याशिवाय ते निघत नाही, म्हणून त्यांतील बहुतेक पहिल्याच उन्हाळ्यात मरणार. आणि ज्या माळावरून ते काढले तेथे मातीचा उतार उघडा पडणार. आपल्याकडे अशा माळांना पडीक किंवा ओसाड म्हणण्याची सवय लागलेली आहे. कोठे ते सपाट करून प्लॉट पाडले जातात, तर कोठे हिरवाईच्या सद्‌हेतूने तेथे गिरिपुष्पासारखी बाहेरदेशची झाडे दाटीने लावली जातात. येवला तालुक्यातील ममदापूरच्या संवर्धन राखीव क्षेत्रात काळवीट अशाच गवताळ, झुडपी माळांवर जगतात. दाट सावलीची झाडे लावलेल्या जमिनीवर ते राहू शकत नाहीत. तरवड, बोर, हिवर, मारवेल गवत, पावन्या गवत यांचा हा मेळ तुटला की तो पुन्हा जुळवता येणे अवघड आहे. जी रोपवाटिका बियाण्याची गावनिहाय वही ठेवते, तिने माळावरची उभी झुडपे उपटून विकणे त्या वहीला विसंगत आहे. गोणीतील झुडूप कोणीही विकत घेऊ नये, अशी माझी विनंती आहे.

महानगरपालिकेची आणि महामार्गांची उद्याने पाहणारे अधिकारी या रोपवाटिकेत येतात, असे कळले. दुभाजकांसाठी त्यांनी तरवडाचा विचार जरूर करावा. सध्या तेथे बोगनवेल आणि टेकोमा लावतात, त्यांना उन्हाळाभर टँकरने पाणी घालावे लागते. तरवडाला एक वर्ष सांभाळले की ते लागणार नाही. त्यासाठी रोपे न मागवता जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बी टोकण्याचे काम द्यावे. घरगुती ग्राहकांनीही मे महिन्याच्या अखेरीस जावे, कारण तेव्हा त्या हंगामाचे ताजे बियाणे आलेले असते आणि पाऊस सुरू झाल्यावर पाकिटे लवकर संपतात. बी घेताना ते कोणत्या शिवारातील आहे ते विचारून वहीतील नोंद पाहावी, आणि आपले घर पूर्वेकडील कोरड्या पट्ट्यात असेल तर त्याच पट्ट्यातील पाकीट मागून घ्यावे. चालक ते वेगळे ठेवतात आणि मागितल्यास काढून देतात.